पाय कापायला योजना आहे, नंतरच्या जखमेला नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

शुगरमुळं आमच्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही, त्याबद्दल मनापासून आभार. पण डिस्चार्जनंतर योजनेतनं औषधं मिळतात 10 दिवस. शुगरवाल्याची जखम 10 दिवसांत भरती का हो? पायाला रक्तच नीट पोचत नव्हतं म्हणून तर पाय काढला.

पुढं टाक्यातनं पू आला, वास सुटला, थंडी वाजून ताप. ड्रेसिंग कुठं करायचं हे कुणी नीट सांगितलंच नाही, मग रोज रिक्षा, पट्ट्या, अँटिबायोटिक सगळं खिशातनं आणि मी पॉवरलूमवर कामाला, खाडा झाला की पगार कट. शेवटी परत ऑपरेशन, पाय गुडघ्याच्या वरनं गेला.

आणि दुखणं तर वेगळंच. रात्री वडील म्हणायचे अंगठा पिळवटतोय रे, जरा सरळ कर, आणि जिथं पायच नाही तिथं चादरीवर हात फिरवत बसायचे. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला, शेजारच्या मावशींनी तर दृष्टपण काढली. एका फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं, याला फँटम पेन म्हणतात, पाय गेलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना होतं, कापलेल्या नसेच्या (रक्ताची नव्हे, दुखणं मेंदूला कळवणारी नस) टोकाला गाठ धरते आणि मेंदूच्या लेखी पाय तसाच राहतो. गॅबापेंटिनसारख्या नसेच्या गोळ्यांनी काहींना फरक पडतो. चेन्नईत डॉक्टरकी शिकलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आरशाचा उपाय काढला, चांगला पाय आरशात बघत हलवायचा. सगळ्यांना लागू पडत नाही, पण आरशाला खर्च किती येतो साहेब? ऑपरेशनच्या आधीच हे सांगितलं असतं तर तो माणूस इतके महिने स्वतःला वेडा समजत बसला नसता, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

कृत्रिम पायाची शिबिरं होतात, चांगलंच आहे, पण जखम भरल्याशिवाय पाय बसवता येत नाही, त्यात सोलापूरचा उन्हाळा, घामानं कातडी सोलून निघते आणि पाय कोपऱ्यात पडून राहतो.

म्हणून विनंती, जखम पूर्ण भरेपर्यंत ड्रेसिंग आणि औषधं योजनेत घ्या, ड्रेसिंग घराजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात होऊ द्या, नसेच्या गोळ्या तिथंच मिळू द्या, आणि डिस्चार्ज देताना पू, ताप, लाली दिसली तर कुठं यायचं आणि फँटम पेन म्हणजे काय हे मराठीत, आमच्या पूर्व भागात तेलुगूतपण, लिहून द्या.

आपला,
पूर्व भागातला एक पॉवरलूम कामगार, सोलापूर