मॉरिशस एकदा चालून बघा की

मा. संपादक, नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मॉरिशसवर पानभर लेख आला होता तो वाचला. फोटो झक्कास होते, पण निळं पाणी, पांढरी वाळू, रिसॉर्ट, स्पा आणि हेलिकॉप्टरमधून दिसणारा तो समुद्राखालचा धबधबा, एवढ्यातच मॉरिशस संपलं की हो! (तो धबधबा वगैरे काही नाही बरं का, वाळू आणि गाळ वाहत जातो त्यामुळे वरून तसा भास होतो.) मी आणि मिस्टर मागच्या जूनमध्ये जाऊन आलो, दोघंही साठीच्या पुढचे, गुडघे कुरकुरणारे, तरी जमेल तेवढं पायी फिरलो. म्हणून म्हटलं लिहावंच, एरवी मी पत्रबित्र पाठवणारी बाई नाही.

आम्ही पण आधी इथल्याच एका टूरवाल्याकडे बुकिंग केलेलं, नाव नको, सगळे सारखेच. सात दिवसांत दोनदा शॉपिंग आणि पोर्ट लुईचा आप्रवासी घाट म्हणजे बसच्या खिडकीतून 'लेफ्ट साइडला बघा'. मी विचारलं उतरायचं नाही का, तर म्हणे मॅडम तिथे काय आहे, चार भिंती आणि पायऱ्या. आता खरं सांगायचं तर तेवढंच आहे, सोळा पायऱ्या, काळ्या दगडाच्या, एका दमात चढून होतात. पण बोटीतून उतरलेली आपली माणसं ह्याच पायऱ्या चढून वर गेली, नाव-गाव लिहून घेतलं गेलं आणि मग उसाच्या मळ्यात रवानगी. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून अ‍ॅटलास नावाचं जहाज ३६ जणांना घेऊन आलं, तेव्हापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं आली. त्यात मुंबई बंदरातून बोटीत बसलेली रत्नागिरी, सावंतवाडीकडची आपली माणसं पण होती! आम्ही दुसऱ्या दिवशी शॉपिंगला दांडी मारली आणि पब्लिक बसने परत तिथे गेलो, तिकीट काही नाही, दोन तास कसे गेले कळलं नाही. शेजारी छोटं म्युझियम आहे तेही बघा. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये तर त्या मजुरांचे जुने कागद जपून ठेवलेत, माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण, कुठल्या जहाजाने आला, सगळं. आपल्याकडे पणजोबांच्या वडिलांचं नाव विचारा, निम्मी लोकं गप्प.

माझ्या आजीच्या तोंडी एक वाक्य असायचं, 'तो थोरला बोटीत चढला नि गेला तो गेलाच.' कुठे गेला, कोणालाच माहीत नव्हतं. तो इथेच आला असेल असं मी म्हणत नाही, पण त्या पायऱ्यांवर ते वाक्य आठवलं खरं.

आता चालण्याचं. ल मोर्न नावाचा डोंगर आहे, बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला, उंची ५५६ मीटर, म्हणजे आपल्या ट्रेकवाल्या पोरांना चिल्लर. पहिला अर्धा रस्ता मातीचा, रुंद, गप्पा मारत जाता येतं, नंतर मात्र सरळ कातळ, हात टेकत टेकत वर. कळसूबाईला शिड्या आहेत तसं काही नाही. मिस्टर वरती क्रॉसपर्यंत गेले, मी अलीकडेच एका दगडावर बसकण मारली आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही, कारण जे बघायचं ते तिथूनच दिसतं, खाली प्रवाळाची भिंत, तिच्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ आणि अलीकडे शांत हिरवं पाणी.

ह्या डोंगरावर मालकाच्या मळ्यातून पळालेले गुलाम लपून राहायचे, मादागास्कर, मोझांबिककडून आणलेले. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथे गुलामी संपली. लोक सांगतात की ती बातमी द्यायला शिपाई वर चढले तर वरच्यांना वाटलं पकडायलाच आले आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. दंतकथा असेल, कागदावर पुरावा नाही, पण त्या कड्याकडे बघितलं की अंगावर काटा येतो. आणि गंमत बघा, गंमत कसली, गुलाम सोडावे लागले म्हणून मळेवाल्यांना नुकसानभरपाई मिळाली, सुमारे वीस लाख पौंड, गुलामांना दमडी नाही, आणि ऊस तोडायला कोण तर करारावर अंगठा उठवून आणलेले हिंदुस्थानी. अ‍ॅग्रीमेंटचं झालं गिरमिट आणि माणसाचा झाला गिरमिटिया. म्हणजे आप्रवासी घाट आणि ल मोर्न ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, युनेस्कोने २००६ आणि २००८ मध्ये दोन्हींना जागतिक वारसा केलं, पण टूरवाले एकाचा फोटो काढून दाखवतात आणि दुसऱ्याच्या पायथ्याशी जेवण.

ल मोर्नवर एक लाल फूल आहे, मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, जंगली अवस्थेत फक्त ह्याच डोंगरावर उगवतं. फ्रेंच नावाचा अर्थ कानातलं. आम्हाला एकच दिसलं.

दुसरा डोंगर ल पूस, म्हणजे अंगठा, लांबून खरंच मूठ वळून अंगठा वर केल्यासारखा दिसतो. ८१२ मीटर. सुरुवात उसातून, मग रानपेरूच्या झुडपांतून, छोटे छोटे लाल पेरू असतात, तिखट-मीठ लावून खातात तिकडची लोकं (जंगलखात्याला हे झाड नको झालंय कारण बाहेरून आलंय आणि फोफावलंय, पण पेरू झकास लागतो). १८३६ मध्ये डार्विन ह्या डोंगरावर चढला होता. त्याने पोर्ट लुईमध्ये हिंदुस्थानी कैदी बघितल्याचं आणि बेटावर ते आठशेएक असल्याचं लिहून ठेवलंय, जन्मठेपेवर आणलेले, बंगाल आणि मुंबई इलाख्यातले. त्या बेटावरचे कितीतरी जुने रस्ते ह्या कैद्यांच्या घामाचे आहेत. हे मला परत आल्यावर वाचून कळलं, तिथे एका गाइडने सांगितलं नाही.

आणि दगड! हे मला सगळ्यात भारी वाटलं. उसाच्या शेतात मधेच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, जमीन साफ करताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले. मिस्टर म्हणाले अगं हा तर आपलाच दगड. चेष्टेत म्हणाले पण निघालं खरं. बेसाल्टच तो. ज्या तप्त जागेवरून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतून आपला सह्याद्री झाला, अंधेरीची गिल्बर्ट हिल झाली, तीच जागा, वरची जमीन उत्तरेकडे सरकत गेली आणि खालची चूल तशीच पेटती राहिली, तिनेच पुढे ऐंशीएक लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर काढलं आणि आता शेजारच्या रीयुनियन बेटाखाली धगधगतेय, तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो. म्हणजे सह्याद्री आणि मॉरिशस एकाच चुलीवरच्या भाकऱ्या. कोकणातला माणूस दोन महिने बोटीत ओकत ओकत तिकडे पोचला आणि उचलायला पुन्हा तोच दगड हातात आला.

ज्यांना डोंगर झेपत नाही त्यांनी क्यूरपीप गावातल्या त्रू ओ सेरला जावं, ज्वालामुखीचं तोंड आहे, आत झाडी, कडेने गोल डांबरी रस्ता, सकाळी तिथली आजी-आजोबा मंडळी फेऱ्या मारत असतात, अगदी शिवाजी पार्क. गंगा तलाव पण ज्वालामुखीच्याच मुखात साठलेलं पाणी. महाशिवरात्रीला लाखो लोक घरून कावड घेऊन तिथपर्यंत चालत जातात, रस्त्यात लोकं पाणी, सरबत, जेवण देतात. आम्हाला तिथल्या एका मराठी कुटुंबाने हे सांगितलं, त्यांचं मराठी थोडं क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, बुडवलेलं पण कळत होतं, घरात गणपती बसतो, गणेश चतुर्थीला तिकडे सरकारी सुट्टी असते आणि आपली कोकणातली जाखडी तिकडे झाकरी म्हणून अजून नाचतात. हे सगळं लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

सात रंगांची माती वगैरे ठीक आहे, माथेरानच्या मातीत थोडे रंग मिसळल्यासारखी, दहा मिनिटांत बघून होते. त्यापेक्षा रस्त्यावरची दालपुरी खा, दोनाची जोडी मिळते, तिखट पुरणपोळी समजा.

मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तास. मे ते नोव्हेंबरमध्ये जा, त्यानंतर उकाडा आणि वादळं. चांगले बूट न्या, ल मोर्नला सकाळी लवकर चढा, ऊन फार लागतं.

तुमच्या पुरवणीला एक विनंती, टूरवाल्यांच्या जाहिरातीशेजारी टूरवाल्यांचाच मजकूर छापण्यापेक्षा असे पायी रस्ते छापा की. आणि मुंबई बंदरातून बोटीत चढून मिरीशीला, मारीशला, जे काय म्हणत असतील तिकडे गेलेल्या माणसांच्या गोष्टी ज्या वाचकांच्या घरात असतील त्यांना लिहायला सांगा. मी बॅलार्ड पिअर, भाऊचा धक्का सगळीकडे फिरले, त्यांच्या नावाची एखादी पाटी मला तरी कुठे दिसली नाही. कोणाला दिसली असेल तर कृपया कळवा.

आपली एक वाचक,
गिरगाव, मुंबई