घर नाकारल्याचा पुरावा कोण गोळा करणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घर देताना होणाऱ्या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या साठहून अधिक संस्थांची अनुदानं अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने फेब्रुवारी 2025 मध्ये एका फटक्यात रद्द केली. रक्कम सुमारे 3 कोटी डॉलर, म्हणजे तिथल्या अर्थसंकल्पाच्या मानाने चिल्लर. मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या संघीय न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली, एप्रिलमध्ये तीही उठली. मी ठाण्यात भाड्याच्या जागांची एजन्सी चालवतो, म्हणून या संस्था नेमकं करतात काय, ते मुद्दाम वाचून काढलं.

आमच्या धंद्यात नकाराचं खरं कारण कागदावर कधी येत नाही. पार्टीला जागा पसंत असते, डिपॉझिटची सोय झालेली असते, टोकन द्यायला हात खिशात गेलेला असतो. मी मालकाला फोन लावतो. पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच. ‘नाव काय?’ नाव सांगितलं की ‘आडनाव?’ मग जरा थांबून, ‘असं करा, जागा पुतण्याला द्यायची ठरलीय म्हणून सांगा.’ आठवड्याभराने तोच मालक विचारतो, ‘कोणी चांगली फॅमिली आहे का बघा ना.’ मुसलमान असो, बौद्ध असो, एकटी राहणारी नोकरदार मुलगी असो, काही इमारतींत तर मासे खाणारा कोकणी माणूस असो, निरोप तोच. आता त्या पार्टीने कोर्टात काय सिद्ध करायचं? मालकाला पुतण्या आहेच की!

अमेरिकेत यावर तोडगा निघाला तो माणसं पाठवून पडताळणी करण्याचा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, 11 एप्रिल 1968 ला, तिथे घरभेदभावबंदीचा कायदा झाला. पण ‘जागा कालच गेली हो’ हे तिथल्या एजंटांनाही येतंच. म्हणून संस्था दोन माणसं पाठवतात, पगार, नोकरी, कुटुंब सगळं सारखं, फरक फक्त वर्णाचा. दोघांना काय उत्तर मिळालं, याची बारीक नोंद ठेवतात. व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळच्या एका प्रकरणात काळ्या बाईला ‘जागा नाही’ आणि गोऱ्या माणसाला ‘आहे’ असं सांगितलं गेलं. 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बाईला जागा खरोखर घ्यायची नसली तरी तिला खोटी माहिती दिली गेली, तेव्हा ती दावा लावू शकते.

ही पडताळणी फुकट होत नाही. माणसांना शिकवावं लागतं, मानधन द्यावं लागतं, वकील लागतो. जागा हुकलेला माणूस हे कुठून करणार? त्याला महिनाअखेर डोक्यावर छप्पर हवं असतं. म्हणून 1987 च्या कायद्याने अशा संस्थांना सरकारी अनुदान सुरू झालं. 2023 मध्ये तिथे अशा 34 हजारांहून अधिक तक्रारी आल्या, त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश सरकारी कचेऱ्यांनी नव्हे, खासगी संस्थांनी हाताळल्या. सरकारच्या पैशावर मालकांना कोर्टात खेचायचं, हा आक्षेप तिथेही घेतला जातो. पण त्याच योजनेत मालकांना आणि एजंटांना कायदा समजावून सांगण्यासाठी वेगळं अनुदान आहे. आणि खरं सांगायचं तर पडताळणीचा धाक असेल तर ‘आडनाव?’ला ‘साहेब, हे मला विचारता येत नाही’ असं उत्तर देणं आम्हालाच सोपं जाईल. आज तसं म्हटलं तर मालक दुसऱ्या एजंटकडे जातो.

आपल्याकडे कायदाच तोकडा आहे. राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत, घर नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये मुभा दिली. अस्पृश्यतेपोटी जागा नाकारणं मात्र 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा निदान तेवढ्यापुरती पडताळणी उद्यापासून करता येईल. मुलुंडमध्ये मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ सप्टेंबर 2023 मध्ये फिरला तेव्हा सगळे पक्ष धावले. व्हिडिओ नसता तर? दर वेळी मोबाइल चालू ठेवून कोण जागा बघायला जातं?

राज्य सरकारने अशा संस्थांसाठी अनुदान सुरू करावं, आणि अमेरिकेतला अनुभव पाहता ते खात्याच्या मर्जीवर न ठेवता निदान पाच वर्षांसाठी कायद्याने बांधून द्यावं. पैसा कुठून आणायचा? लिव्ह अँड लायसन्स करारावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरात 1000 रुपये नोंदणी फी सरकार घेतंच, त्यातले करारामागे वीस रुपये बाजूला काढा. ठाण्यातल्या पडताळणीची सुरुवात माझ्या ऑफिसपासून झाली तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक इस्टेट एजंट, ठाणे