दीड मिली

सांगली,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुमे,

दिवाळीत फोटो बघून तू विचारलंस, "ओवी एवढी गुटगुटीत कशी झाली गं?" आणि मी म्हटलं, आजीचे लाड. ते खोटं होतं. दोन वर्षं मी तुझ्याशी खोटं बोलतेय आणि आज ते पोटात राहत नाही. बाकी कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुलाच लिहितेय. फोनवर मला रडू आलं असतं.

आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांची शुगर काबूत आहे, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं.

ओवीला फिट्स येत होत्या.

घाबरू नकोस, तुझ्या भावासारख्या, आपल्या बंड्यासारख्या नाहीत. पडणं नाही, फेस नाही, हातपाय झाडणं नाही. तिला नुसती तंद्री लागायची. घास हातात तसाच, नजर समोर, पापण्या जराशा फडफडायच्या आणि आठ-दहा सेकंदांनी घास तोंडात. मधलं काही झालंच नाही असं. दिवसातून किती वेळा व्हायचं कोण जाणे. दुसरीत बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'वर्गात लक्ष नसते'. मी तिला समोर बसवून पाढे घ्यायला लागले. सात साते एकोणपन्नासवर ती थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, सुमे, मी तिला थोबाडीत मारली. ती भानावर आली आणि म्हणाली, "आई, मी काय केलं?" तो आवाज अजून कानात आहे. तिला खरंच माहीत नव्हतं की मध्ये दहा सेकंद ती तिथे नव्हती.

मिरजेला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी काय केलं असेल? टेबलाच्या खणातून कागदाचं भिरभिरं काढलं आणि ओवीला म्हणाल्या, "मी थांब म्हणेपर्यंत फुंकत राहायचं." जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि असल्या फिट्स समोर येतात. ओवी हसत हसत फुंकायला लागली. दीडेक मिनिट झालं आणि भिरभिरं मंदावलं. थांबलं. ओवीचे डोळे उघडे, पापण्या फडफडतायत. डॉक्टरांनी हळूच "पेरू" म्हटलं. मग भिरभिरं पुन्हा फिरायला लागलं. "मी कुठलं फळ म्हटलं?" तर ओवी म्हणाली, "तुम्ही कुठे काय म्हणालात?" ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली. मग ईईजी केला, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. डोक्याला वीसेक तारा चिकटवून फुंकायला लावलं, तर दोन्ही बाजूंनी एकदम लाटा उठल्या, सेकंदाला तीन, एकसारख्या, शिवणयंत्राची टीप घालावी तशा. नाव मोठं आहे, चाइल्डहुड ॲबसेन्स एपिलेप्सी. पाच-सात वर्षांच्या आसपास सुरू होते आणि बऱ्याच मुलांची वयात येताना जाते. कार्बामाझेपिनसारखी फिटची काही नेहमीची औषधं या फिट्स उलट वाढवतात, म्हणून आधी प्रकार ओळखावा लागतो. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा मला फक्त 'एपिलेप्सी' ऐकू आलं आणि डोळ्यांसमोर बंड्या आला.

औषध मिळालं सोडियम व्हॅल्प्रोएट. गोड सिरप, पाच मिली सकाळी, पाच मिली रात्री, बारा तासांच्या अंतराने. वजन वाढलं तसं साडेसात झालं. तू रसायनशास्त्रवाली, तुला हे आवडेल: यातलं व्हॅल्प्रोइक ॲसिड 1882 साली बनवलं गेलं आणि नंतर ऐंशी वर्षं ते बाकीचे पदार्थ विरघळवायलाच वापरायचे. मग फ्रान्समध्ये कुणीतरी नवीन औषधं त्यात विरघळवून प्राण्यांवर तपासली, तर प्रत्येक औषधाने फिट थांबायला लागली! गुण औषधांचा नव्हताच, ज्यात ती विरघळवली त्याचा होता. 1963 साली ते छापून आलं. तू अकरावीत प्रयोगशाळेत टेबल पेटवलंस तेव्हा पोरे सर म्हणाले होते ना, चुकांतूनच शोध लागतात? बिचारे, वहीने ज्वाला विझवत म्हणाले होते.

गुण आला. तीन आठवड्यांत तंद्री थांबली. पण पोरगी सारखी भुकेली. जेवून उठली की पुन्हा डब्यात हात. फणीत केसांचे पुंजके यायचे. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, लिव्हरसाठी आणि प्लेटलेटसाठी. पाचवीला पुजल्यासारखी ती बाटली आमच्याबरोबर गणपतीला कोकणात आली, लग्नांना आली, तासगावच्या रथाच्या गर्दीत माझ्या पर्समध्ये होती. त्या दिवशी तू फोन केलास आणि मी म्हटलं, नंतर करते. रात्रीच्या डोसची वेळ झाली होती. नंतर केलाच नाही.

आता खरं सांगते.

अकरा दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाल्या, दोन वर्षं एकही फिट नाही, ईईजी स्वच्छ आहे, फुंकूनही काही आलं नाही, आता औषध उतरवायला लागू. एकदम नाही. दर महिन्याला दीड मिली कमी करायचं. साडेसातचे सहा, सहाचे साडेचार, असं पाच महिन्यांत शून्य. ओवीला दहावं लागेल. पाळी आता दूर नाही, आणि हे औषध मुलींना वयात आल्यावर शक्यतो चालू ठेवत नाहीत. पुढे गरोदरपणात ते पोटात गेलं तर दहांतल्या एका बाळात जन्मतः व्यंग राहतं, बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. मी विचारलं, परत आल्या तर? त्या म्हणाल्या, दोन वर्षं बरी असलेल्या दहांतल्या सहा-सात मुलांना औषध बंद केल्यावरही परत येत नाहीत. आल्या तर पुन्हा सुरू करू, दुसरी औषधंही आहेत.

हे गाडीत गाणी म्हणत आले. ओवीने आजीला उडी मारून सांगितलं. आणि मी त्या रात्री सिरिंजमध्ये सहा ओढले, बघितलं, आणि साडेसात ओढले.

अकरा दिवस, सकाळ-संध्याकाळ. बावीस वेळा. घरात सगळ्यांना वाटतंय सहा चाललेत. डॉक्टरांचा फोन आला तर म्हटलं, "काही त्रास नाही, मॅडम." दोन वर्षं मी देवाला म्हणत होते, ही बाटली घरातून जाऊ दे. जायला निघाली तर मीच दाराला कडी घातली.

का, ते तुला सांगायला नको. तुमच्या बेदाण्याच्या शेडमधला तो दिवस. बंड्याची फिटची गोळी, गार्डिनल. अण्णांना त्या माणसाने ताईत दिला आणि सांगितलं, इंग्रजी औषध आजपासून बंद. चार दिवस गोळी नाही. आपण दोघी शेडवर काड्या वेचत होतो आणि बंड्या जाळीखाली पडला. फिट थांबली आणि पुन्हा सुरू झाली, तो शुद्धीवर येतच नव्हता. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातात चमचा घातला आणि त्याचा पुढचा दात तुटला. जीप मिळेपर्यंत काकू 'बाळा, बाळा' एवढंच म्हणत होत्या. मिरजेला पोचेपर्यंत तू माझं मनगट सोडलं नव्हतंस, मला आठवडाभर वळ होते. आता मला माहीत आहे की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली तर नाकात मिडाझोलामचा फवारा द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. आठ वर्षांच्या पोराभोवती आपण तीसेक माणसं उभी होतो आणि एकालाही हे माहीत नव्हतं.

हेही माहीत आहे की ते वेगळं होतं. गार्डिनल एकदम तोडली की तोडल्यामुळेच फिट सुटते. दीड-दीड मिलीने उतरवणं म्हणजे ताईत बांधून गोळी फेकणं नव्हे, आणि ओवीचा आजारही तो नव्हे. डोक्याला सगळं पटतं गं. हात ऐकत नाही.

आणि दुसरं. मी सातवीत वर्गात बंड्याचं बोलून गेले, तेव्हा तू माझ्याशी दहावीपर्यंत बोलली नाहीस. मला वाटायचं, एवढं काय त्यात? खरंच तर होतं. तू म्हणाली होतीस, "खरं असलं तरी ते आमचं होतं." सुमे, ते वाक्य मला तिसाव्या वर्षीही कळलं नव्हतं. ओवीच्या शाळेच्या फॉर्मवर 'काही आजार आहे का' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं, तेव्हा कळलं. माफी मी तेव्हा मागितली होती, पण न कळताच. आज कळून मागते.

पण बाईंना सांगायला हवं होतं, हेही खरं. ती पोहायला जाते, आणि तंद्री पाण्यात लागली असती तर? मी तिला 'सर्दी आहे' सांगून दोन वर्षं काठावर बसवली. आमच्या आत्याबाईंना कुठून तरी कुणकुण लागली, त्या म्हणाल्या, "मुलीची जात आहे, उद्या लग्नात अडचण." मी उसळून म्हटलं, हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार हा शब्द 1999 सालीच काढून टाकलाय. त्या गप्प बसल्या. मग रात्री मला आठवलं, तुझ्या लग्नात बंड्याला दोन दिवस मामाकडे ठेवला होता, कायदा बदलून चार वर्षं झाल्यावर. तू मांडवात त्याला शोधत होतीस. मी तुला सांगितलं की तो जेवायला बसलाय. तेही मीच.

तुझं विचारायचंच राहिलं. गुडघ्याचं काय म्हणाले? बडोद्यात फिजिओथेरपी घरी येऊन देतात का? चिन्मयच्या बारावीचं टेन्शन तू घेऊ नकोस, त्याला घेऊ दे. नवीन घराचे फोटो बघितले, ओटा मस्त आहे. आणि बंड्याने यंदा बेदाण्याचा खोका पाठवला, त्याला सांग पोचला. ओवीने त्याला फोनवर विचारलं, मामा, तुम्ही कांदाभजी का खात नाही? तर म्हणाला, "लहानपणी सगळ्या गावाने मला फुकट कांदा दिला, पोट भरलं." तिला काही कळलं नाही, पण हसली खूप.

आज रात्रीचं सांगते आणि थांबते. नऊ वाजता मी सिरिंज भरत होते. ओवी मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, सहाची रेघ ही आहे." माझा हात तिथेच राहिला. ती म्हणाली, "तू रोज सातच्या पुढे ओढतेस. मला माहितीये. मला वाटलं तुला भीती वाटत असेल." मग तिने माझ्या हातातून सिरिंज घेतली, उजेडात धरली, दट्ट्या हळूहळू ढकलला. दीड मिली परत बाटलीत गेलं. सहावर आणून मला दाखवलं, "बघ, बरोबर आहे ना?" आणि स्वतःच प्यायली.

परवापासून मी तिला 'खेळू या' म्हणून भिरभिरं फुंकायला लावत होते, तेही तिने ओळखलं होतं. म्हणाली, "ते आता डॉक्टर मावशींकडेच."

ह्यांना मघाशी सांगितलं. रागावले नाहीत, पण बराच वेळ बोलले नाहीत. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून खरं सांगणार आहे. महिना आजपासूनच मोजावा लागेल. शाळेत मंगळवारी जाते, बाईंना भेटायला.

आत्ता तिच्या उशाशी बसून लिहितेय. झोपेत तिच्या पापण्या जराशा हलल्या की माझं पेन थांबतं. स्वप्न पडत असेल.

पुढच्या महिन्यात साडेचारवर आणायचे आहेत. त्या रात्री तू मला फोन कर, नऊला. आणि जमलं तर बंड्यालाही लाइनवर घे.

तुझी,
शैला