पावाच्या भट्टीचा आणि ग्लोबल वॉर्मिंगचा काय संबंध?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बेकऱ्यांनी लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सोडून गॅस किंवा विजेवर जावं असं मुंबई हायकोर्टाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं, तेव्हापासून आमच्या गल्लीत पाव घ्यायला उभं राहिलं की तीच चर्चा, या एवढ्याशा भट्टीने काय जगाचं तापमान वाढणारे का, आणि एक काका तर म्हणाले यंदा स्वेटर काढावा लागला, कुठाय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग? सगळे हसले. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू.

खरं तर घोळ आपल्या भाषेतच आहे. उद्या पाऊस पडेल का ते सांगतं ते हवामान खातं आणि तीस-चाळीस वर्षांत काय बदललं तोही हवामान बदल, दोन्हीकडे शब्द एकच, मग काकांनी एका आठवड्याच्या थंडीवरून निकाल लावला तर त्यांचं काय चुकलं? हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णता धरून ठेवून जग तापवणारा वायू, मोजतायत, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत 315 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय. आपल्या स्वेटरने तो आकडा काही हलत नाही. (एसीने ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं असं सांगणारेही भेटतात, तेही चांगले शिकलेले! ते प्रकरण वेगळं, ओझोन खाणारे वायू बंद करायला 1987 साली मॉन्ट्रियलचा करार झाला आणि ते भोक हळूहळू भरतंय.)

आता भट्टी. तिच्यामुळे जग तापत नाही हे काकांचं म्हणणं मी मान्य करतो, एका भट्टीने काय होणार. पण भट्टीतून दोन गोष्टी निघतात: कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षं हवेत राहतो, धुरातली काजळी मात्र काही दिवसांत, फार तर आठवड्यांत खाली बसते. म्हणजे आज भट्टी बदलली तर गल्लीतली हवा याच हिवाळ्यात सुधारेल, त्यासाठी नातवंडांची वाट बघायला नको. बऱ्याच ठिकाणी जळतं ते जुन्या फर्निचरचं भंगार लाकूड, पॉलिश आणि रंगासकट. त्यातून निघणारे बारीक कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे, थेट फुफ्फुसात खोल जातात, आणि थंडीत वारा पडला की धूर वर न जाता खालीच कोंडतो. ग्लोबल वॉर्मिंग खोटं आहे असं धरून चाललो तरी हा फायदा कुठे जात नाही हो.

पाव महागेल ही भीती मात्र खरी आहे, नवीन ओव्हनचा खर्च बेकरीवाला शेवटी गिऱ्हाइकावरच टाकणार. नुसती नोटीस चिकटवून चालणार नाही, छोट्या बेकऱ्यांना स्वस्त कर्ज आणि गॅसची लाइन लवकर मिळेल असं काहीतरी सरकारने आणि पालिकेने करावं. आमच्या बेकरीवाल्याला अजून कुणी येऊन फॉर्मसुद्धा दिलेला नाही.

आपला,
एक नियमित वाचक, मुंबई