कुत्र्यांना मोकळं धावायला जागा द्या

महोदय,

माझ्याकडे दोन कुत्री आहेत: आठ वर्षांची लॅब्रेडोर आणि रस्त्यावरून आणलेला गावठी बंड्या. जवळच्या बागेत कुत्र्यांना मनाई, आणि रस्त्यावर बंड्या भेदरतो. म्हणून गेल्या रविवारी मुळशी रस्त्यावरचं एक कुंपण घातलेलं खासगी मैदान तासाच्या भाड्यानं घेतलं. तिथे एका वेळी एकाच घरची कुत्री सोडतात. पट्टा काढला तरी बंड्या मिनिटभर जागचा हलला नाही, माझ्याकडेच बघत राहिला. मग कुंपणाच्या कडेकडेनं सगळं मैदान हुंगून काढलं आणि असा सुटला की कान मागे चिकटले! तीन वर्षांत त्याला असं धावताना मी प्रथमच पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं.

मात्र आत सोडताना रेबीजच्या लसीचं कार्ड कोणी मागितलं नाही, आणि घरी आल्यावर लॅब्रेडोरच्या कानामागे तीन गोचिड्या सापडल्या. गोचिडीच्या तापानं कुत्री दगावतात. भाडं घेणाऱ्यांनी गवत कापणं, फवारणी करणं, कार्ड तपासणं एवढं तरी करायलाच हवं.

कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. मग फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुत्रं न्यायचं कुठे? दर आठवड्याला मुळशीपर्यंतचं पेट्रोल सगळ्यांना परवडत नाही. महापालिकेनं मोठ्या बागांतला एखादा कोपरा जाळी लावून सकाळी दोन तास खुला करावा. हवं तर शुल्क घ्यावं. पहिली पावती मी फाडीन.

– एक वाचक, कोथरूड, पुणे