फुकटच्या ऑपरेशनचा खर्च

पुणे, रविवार

प्रिय आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "सिव्हिलमध्ये मोतीबिंदूचं फुकट होतं, तरी अक्का करून घेत नाही. अडाणीपणा, दुसरं काय!" मी गप्प बसले, नाहीतर चिडून काहीतरी बोलले असते.

तुमचं ऑपरेशन आठवा. माझ्या ऑफिसचा मेडिक्लेम, सकाळी भरती, संध्याकाळी घरी. मग महिनाभर आई कालनिर्णयवर खुणा करत डोळ्यांत थेंब घालत होती आणि तुम्ही काळा चष्मा लावून ओट्यावर. धूळ नको, धूर नको, चुलीपाशी जायचं नाही (एरवी रोज जात होता म्हणा!). पेन्शन मात्र एक तारखेला जमा.

अक्का विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा भुगा. धूळ टाळायची म्हणजे कामच सोडायचं. मजुरी हजार विड्यांवर. वळल्या नाहीत तर हातात काही नाही. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, ऑपरेशनला, लेन्सला पैसे पडत नाहीत, सगळं खरं. पण त्या महिन्याचा किराणा कुठल्या योजनेत बसतो? शिवाय कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीतून सोलापुरात सिव्हिलला खेपा, सोबतीला सून, म्हणजे तिचाही खाडा. तीही विड्याच वळते.

दिवाळीत मी अक्काकडे गेले होते. उजेडासाठी दारातच बसली होती. तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, तर पानाची कड आधी बोटानं चाचपत होती. "दिसतंय की गं," म्हणाली. मग हळूच सांगितलं, हल्ली छाट फार निघते. दिवसभर वळलेल्या विड्या कारखान्यात बाद होतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. नजर गेल्याची किंमत ती रोज भरतेच आहे, बाबा.

आई, तुझ्या खात्यावर पैसे पाठवलेत. मदत म्हणून दिलेस तर अक्का घेणार नाही. माझ्या बाळंतपणात दीड महिना राबली आणि साडीशिवाय काही घेतलं नाही, ती उधारी आहे असं सांग.

बाबा, केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा. पहाटे जाग येतेच तुम्हाला. आणि तो काळा चष्मा कपाटात पडलाय, तो पुसून तिच्यासाठी काढून ठेवा.

तुमची,
मनी