केंद्राचा कायदा, पण अंमलदार कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतले एखादे शहर किंवा राज्य स्थलांतरितांच्या धरपकडीत केंद्राला मदत करायला नकार देते आणि आपल्याकडच्या बातम्यांत लगेच ‘बंड’, ‘केंद्राला आव्हान’, ‘कायदा धाब्यावर’ असे शब्द झळकतात. मग वाचक हटकून विचारतात की राष्ट्राध्यक्ष असले राज्य सरकार बरखास्त का करत नाहीत. त्यांना तो अधिकारच नाही. आपल्या 356 व्या अनुच्छेदासारखे तिथल्या घटनेत काही नाही आणि गव्हर्नर वॉशिंग्टनने नेमलेला नसतो, राज्यातल्या मतदारांनी निवडलेला असतो. पण बातम्यांतली मुख्य चूक याहून वेगळी आहे. मदत नाकारणे हे तिथे बंड नाहीच. तो राज्यांचा घटनात्मक हक्क आहे आणि त्याचा फायदा आलटून पालटून दोन्ही पक्षांनी घेतला आहे.

घटनेच्या पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, काय काय करता येईल याची 18 नोंदींची यादी आहे : कर, कर्ज, चलन, टपाल, युद्ध, नागरिकत्वाचे नियम, परदेशांशी आणि राज्याराज्यांतला व्यापार, वगैरे. राज्यांसाठी अशी यादी नाही. जे केंद्राला दिलेले नाही आणि राज्यांना मनाई केलेले नाही ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहील, एवढेच 1791 ची दहावी घटनादुरुस्ती सांगते. आपल्याकडे उलटे : तीन याद्या, आणि उरलेसुरले 248 व्या अनुच्छेदाने संसदेकडे.

मात्र यादी आखूड म्हणून केंद्राचे कायदे करण्याचे बळ तोकडे आहे असे कुणी समजू नये. ‘राज्याराज्यांतला व्यापार’ ही एक नोंद न्यायालयाने वर्षानुवर्षे रबरासारखी ताणली. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला गव्हासाठी 11.1 एकरांचा कोटा होता, त्याने 23 एकर पेरला. जास्तीचा गहू घरच्या कोंबड्या-गुरांना आणि घरखर्चाला, बाजारात न्यायचा नव्हता. तरी त्याला 117 डॉलर 11 सेंट दंड झाला आणि 1942 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो योग्य ठरवला. सगळेच शेतकरी घरचा गहू खाऊ लागले तर देशभरच्या बाजारभावावर परिणाम होईल, हा युक्तिवाद. तेव्हा केंद्राला कायदा जवळपास कशावरही करता येतो. तो राबवायचा कुणी, इथे घोडे पेंड खाते.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. फौजदारी संहिता संसदेची, पण ती राबवतो राज्याचा फौजदार. राज्यांनी संसदेचे कायदे पाळून कारभार करावा आणि त्यासाठी केंद्राला निर्देश देता यावेत, अशी सोय 256 व्या अनुच्छेदात आहे. निर्देश धुडकावले तर राष्ट्रपती राजवटीची वाट मोकळी करणारा 365 वा अनुच्छेद उभाच असतो. अमेरिकेत दोन स्वतंत्र यंत्रणा शेजारी शेजारी चालतात. केंद्राचे तपासनीस, वकील, न्यायालये, तुरुंग वेगळे; राज्यांचे वेगळे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना या दुहेरी व्यवस्थेची आणि तिथल्या दुहेरी नागरिकत्वाची आपल्या रचनेशी तुलना केली होती. ते भाषण ज्यांनी वाचले आहे त्यांना पुढचे काही नवे वाटणार नाही.

केंद्राच्या कामाला राज्याच्या अंमलदाराला जुंपता येत नाही, या तत्त्वाचे मूळ गुलामगिरीच्या काळात सापडते. पळालेल्या गुलामांना परत करा, हा केंद्राचा कायदा होता. पेनसिल्व्हेनियासारखी उत्तरेकडची राज्ये त्यात अडथळे आणत. 1842 मध्ये प्रिग खटल्यात न्यायालयाने दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट सुनावली : राज्याला अडथळा आणता येणार नाही, पण केंद्राचा कायदा राबवण्याची सक्तीही राज्याच्या अधिकाऱ्यांवर करता येणार नाही. काही राज्यांनी लगेच आपल्या न्यायाधीशांना आणि तुरुंगांना या कामातून मोकळे केले. म्हणून 1850 च्या नव्या कायद्यात केंद्राला स्वतःचे कमिशनर वापरावे लागले. त्यांची फी पाहण्यासारखी आहे. पकडलेला माणूस मालकाच्या हवाली केला तर 10 डॉलर, सोडून दिला तर 5. कागदपत्रांचे काम जास्त, म्हणून फी जास्त, असे तेव्हाचे समर्थन होते.

आजच्या वादांत ज्याचा आधार घेतला जातो तो निकाल मात्र बंदुकांचा आहे. 1993 च्या ब्रेडी कायद्याने पिस्तूल विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणे सक्तीचे केले. केंद्राची यंत्रणा उभी राहायला 1998 उजाडणार होते. तोवरचे काम स्थानिक मुख्य पोलीस अधिकाऱ्यांच्या गळ्यात मारले गेले. दुकानदाराने माहिती शेरीफला कळवायची, शेरीफने पाच कामकाजी दिवसांत ही खरेदी बेकायदा ठरेल का हे पाहण्याचा वाजवी प्रयत्न करायचा. (तिथला शेरीफ म्हणजे मुंबईच्या शेरीफसारखे मानाचे पद नव्हे, तो काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, निवडून आलेला पोलीसप्रमुख असतो.) पगार काउंटीचा, वेळ काउंटीचा, आणि गफलत झाली तर लोकांच्या शिव्याही काउंटीलाच. मोंटानातल्या रॅव्हली काउंटीचे जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनातल्या ग्रॅहम काउंटीचे रिचर्ड मॅक हे दोन शेरीफ न्यायालयात गेले. 1997 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी ते जिंकले. निकाल लिहिला न्या. स्कालिया यांनी. केंद्राने धोरण ठरवायचे आणि खर्च व बदनामी राज्याच्या माथी मारायची, यात मतदाराला जाब कुणाला विचारायचा हेच कळेनासे होते, हा त्यातला मला सर्वांत पटणारा मुद्दा. बंदूक तपासणी त्यामुळे बंद पडली नाही. नोव्हेंबर 1998 मध्ये केंद्राची स्वतःची तत्काळ तपासणी सुरू झाली.

उजव्या मंडळींनी साजरा केलेला हाच निकाल पुढे स्थलांतरितांची बाजू घेणाऱ्या शहरांच्या वकिलांनी ढाल म्हणून वापरला. स्थलांतर खाते स्थानिक तुरुंगाला पत्र पाठवते, अमुक कैदी सुटण्याच्या वेळेनंतर आणखी 48 तासांपर्यंत धरून ठेवा. पत्र सरकारी, भाषा अधिकाराची. पण ती विनंती आहे. काउंटी मान्य करील किंवा करणार नाही. ज्यांना मदत करायचीच आहे त्यांच्यासाठी 1996 पासून लेखी कराराची सोय आहे : केंद्राने प्रशिक्षण द्यायचे, मग निवडक स्थानिक पोलिसांनी केंद्राच्या देखरेखीखाली स्थलांतर कायदा राबवायचा.

मदत न करणे आणि आडवे येणे यांतली रेषा मात्र पक्की आहे. 1957 मध्ये आर्कान्साचे गव्हर्नर फॉबस यांनी लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवण्यासाठी राज्याचे नॅशनल गार्ड हे सशस्त्र दल उभे केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ते गार्ड आपल्या ताब्यात घेतले आणि लष्कराची 101 वी एअरबोर्न डिव्हिजन धाडली. गव्हर्नर बरखास्त झाले नाहीत. मुले शाळेत गेली. ही रेषा उलट दिशेनेही लागू होते. ॲरिझोनाने 2010 मध्ये केंद्रापेक्षा कडक स्थलांतर कायदा केला, तर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आव्हान दिलेल्या चारपैकी तीन तरतुदी रद्द केल्या.

मग हुकूम चालत नसेल तर वॉशिंग्टन राज्यांना वळवते कसे? पैशाने. नाक दाबले की तोंड उघडते, हे तिथल्या संघराज्याचे निम्मे शास्त्र आहे. 1974 मध्ये तेलटंचाईत काँग्रेसने देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आणली, ती थेट आज्ञा म्हणून नव्हे : ही मर्यादा न लावणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी थांबेल, एवढेच. सगळ्या राज्यांनी पाट्या बदलल्या. मोंटानाने तर नमुनेदार शहाणपण दाखवले. पाटी लावली, पण दिवसा 55 ओलांडणाऱ्याला दंड ठेवला पाच डॉलर, तोही इंधनाच्या उधळपट्टीचा. अनुदानाची अट कागदावर पुरी, पोलीस राज्याचाच. 1995 मध्ये केंद्राने ती मर्यादाच मागे घेतली.

दारूचे वय हे याचे दुसरे उदाहरण. 1984 च्या कायद्याने 21 वर्षांखालच्यांना दारू विकत घेऊ देणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी सुरुवातीला 5 टक्के कापायचे ठरले. साउथ डकोटात 19 वर्षांच्या मुलाला 3.2 टक्क्यांची बिअर घेता येत होती. राज्य न्यायालयात गेले आणि 1987 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी हरले. अनुदानाला अट कशी असावी याची मोजपट्टी या निकालात आहे. खर्च सार्वजनिक हिताचा हवा, अट आधीच स्पष्ट शब्दांत सांगितलेली हवी, तिचा त्या निधीच्या हेतूशी संबंध हवा, घटनेतल्या दुसऱ्या कशाचा भंग नको, आणि आमिष इतके मोठे नको की त्याची बळजबरी व्हावी. शेवटची कसोटी पंचवीस वर्षे नुसती पुस्तकात पडून होती.

2012 मध्ये ती प्रथमच लागू झाली. ओबामांच्या 2010 च्या आरोग्य कायद्याने गरिबांच्या मेडिकेड योजनेत दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेले सगळे प्रौढ आणायचे ठरवले. नवा खर्च पहिली तीन वर्षे पूर्ण केंद्राचा, पुढे उतरत 2020 पासून 90 टक्के. नकार देणाऱ्या राज्याची मात्र जुनी मेडिकेडची सगळी मदतही धोक्यात. महामार्ग निधीच्या 5 टक्क्यांची गोष्ट वेगळी; इथे राज्याच्या अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा आणि वर पणाला लागत होता. ही बळजबरी आहे, असे सात न्यायमूर्तींनी म्हटले. विस्तार ऐच्छिक झाला.

आणि त्यातून एक विचित्र खड्डा तयार झाला. सगळी राज्ये विस्तार करतीलच हे गृहीत धरून, खाजगी विम्यावरची सवलत कायद्याने दारिद्र्यरेषेच्या 100 टक्क्यांपासून वरच्यांना ठेवली होती. टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांनी विस्तार केला नाही. तिथे मूल नसलेल्या, अपंग नसलेल्या प्रौढाचे उत्पन्न 100 टक्क्यांखाली असेल तर त्याला मेडिकेडही नाही आणि सवलतही नाही. त्याच्याहून थोडे जास्त कमावणाऱ्या शेजाऱ्याला मात्र सवलत मिळते. कायदा लिहिणाऱ्याने राज्याचा नकार गृहीतच धरला नाही की असे होते.

‘अमुक शहराचा निधी रोखणार’ अशी घोषणा आली की आधी विचारावे, अट घातली कुणी? खर्चाच्या अटी घालण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, राष्ट्राध्यक्षांचा नाही. काँग्रेसने कायद्यात न घातलेली अट नुसत्या आदेशाने जोडली तर ती टिकणे कठीण. 2017 मध्ये शहरांचा निधी तोडण्याचा आदेश सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात याच कारणाने अडला. अपील न्यायालयाने 2018 मध्ये तेच सांगितले. आपल्या बातम्यांत घोषणा पहिल्या पानावर येते, न्यायालयाचा निकाल आतल्या पानावरही सापडत नाही.

आता आपल्या घरांशी थेट संबंध असलेली गोष्ट. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी 2012 मध्ये प्रौढांसाठी गांजा खुला केला. पुढे कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांनी तेच केले. त्यांनी केंद्राचा 1970 चा अंमली पदार्थविरोधी कायदा रद्द केलेला नाही, तो त्यांना रद्द करताच येत नाही. त्यांनी फक्त स्वतःच्या कायद्यातली शिक्षा काढली आणि स्वतःचे पोलीस बाजूला घेतले. 2005 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की राज्याने मुभा दिली तरी केंद्राचा कायदा लागू राहतो. आधार पुन्हा तोच, फिलबर्नचा गहू. केंद्राकडे प्रत्येक दुकानावर धाड घालण्याएवढी माणसे नाहीत, म्हणून दुकाने चालतात. पण बँका त्यांच्या पैशाला बिचकतात आणि बराच व्यवहार रोखीत होतो.

अमेरिकन नागरिकाला याची झळ फारशी लागत नाही. पुण्या-नाशिकहून शिकायला गेलेल्या मुलाला लागू शकते. व्हिसा आणि प्रवेश हा शंभर टक्के केंद्राचा विषय आहे. राज्याचा परवाना असलेल्या दुकानातून रीतसर पावती घेऊन गांजा घेतला, तरी त्या सेवनाची कबुली व्हिसाच्या मुलाखतीत किंवा विमानतळावर दिली तर शिक्षा झालेली नसतानाही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. अशा दुकानातली नोकरीही तितकीच धोक्याची. प्रश्न विचारला गेला तर खोटे बोलणे हा वेगळा आणि अधिक मोठा गुन्हा. त्यामुळे ‘इथे कायदेशीर आहे, बाबा’ असे मुलाने फोनवर सांगितले, तर कोणत्या सरकारच्या कायद्याने, एवढे त्याला विचारावे.

आपला,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा